जिन्यातून निघालेला भुंगेरा

सोनेरी बुप्रेस्टिड हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील सूचिपर्णी जंगलांत राहणारा भुंगेरा आहे. डग्लस फर आणि पाँडेरोसा पाइन ही त्याची आवडती झाडे; स्प्रूस आणि इतर पाइनवृक्षांतही तो वाढतो. लिनियसने १७६७ मध्ये त्याला बुप्रेस्टिस ऑरुलेंटा हे नाव दिले. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच सोनेरी.

लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. अंग हिरवेगार, क्वचित निळसर. पंखांच्या कडांना आणि मधल्या शिवणीला तांबूस सोनेरी किनार, जणू पैठणीचे काठ. हा रंग रंगद्रव्याचा नव्हे. वरच्या कठीण पंखांच्या त्वचेत अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातून ही झळाळी उमटते. म्हणून तो मेल्यावरही रंग विटत नाही. याच कुळातल्या भुंगेऱ्यांचे पंख भारतात भरतकामात टिकल्यांसारखे शिवले जात, तेही या न विटणाऱ्या चमकेमुळे.

प्रौढ भुंगेरा सूचिपर्णी झाडांची पाने खातो. मादी मात्र अंड्यांसाठी जखमी लाकूड शोधते: वणव्याने होरपळलेला बुंधा, साल निघालेली जागा, राळ साचलेली भेग. अंड्यातून निघालेली अळी फिकट आणि बिनपायाची असते. डोक्यामागचा भाग रुंद व चपटा असल्यामुळे तिने कोरलेला बोगदाही चपटा होतो. आपल्यामागे ती बारीक भुसा दाबून भरत जाते. जंगलात ही वाढ साधारण दोन ते चार वर्षांत पुरी होते. मग लाकडातच कोष, आणि लंबगोल भोक पाडून बाहेर.

झाड तोडून त्याच्या फळ्या पाडल्या, घर उभे राहिले, तरी आतली अळी जगू शकते. या कीटकाची खरी नवलाई इथे आहे. वाळलेल्या लाकडात ओलावा कमी, सकसपणाही कमी. अळी मरत नाही. तिची वाढ विलक्षण मंदावते. १९८३ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील प्रिटलवेल येथे एका घराच्या लाकडी जिन्यातून हा भुंगेरा बाहेर आला. अळी त्या लाकडात ५१ वर्षे असल्याचे नोंदवले गेले. कीटकांच्या दीर्घायुष्याच्या ज्ञात नोंदींत ही अगदी वरची आहे.

अशी नोंद ऐकली की शंका येते: अंडी घर बांधल्यानंतर घातली नसतील कशावरून? उत्तर भूगोलात आहे. ही जात इंग्लंडची रहिवासी नाही. आयात लाकडाबरोबर आल्याखेरीज ती तिथे पोचत नाही. अमेरिकेतल्या जुन्या घरांबाबत मात्र असा निर्वाळा इतक्या सहज देता येत नाही, म्हणून परक्या भूमीवरचे पुरावे अधिक मोलाचे.

घरमालकाच्या दृष्टीने धोका मोठा नाही. वाळवी पिढ्यान्‌पिढ्या घर पोखरते. या भुंगेऱ्याची मादी घरातल्या कोरड्या, रंगवलेल्या लाकडात पुन्हा अंडी घालत नाही. लाकूड भट्टीत पुरेशा उष्णतेवर वाळवले, तर आतल्या अळ्या मरतात आणि प्रश्नच उरत नाही. जिन्यात किंवा तुळईत दिसणारे ताजे लंबगोल भोक एवढेच सांगते, की आतला रहिवासी निघून गेला आहे.