पाखरांच्या वेळा आणि आपले आरोग्य

सूर्योदयाच्या आधीचा आणि सूर्यास्तानंतरचा काळ वऱ्हाडाला नवा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगावी रुजवली ती याच दोन वेळांना. पाखरांचे वेळापत्रकही हेच आहे. त्यामुळे पक्षिनिरीक्षणाचा छंद ज्याला लागतो, त्याची झोप, चालणे आणि मन या तिन्ही गोष्टींना आपोआप वळण लागते. चांदूर रेल्वे परिसरातील वाचकांना त्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. मालखेडचा तलाव आणि पोहरा-मालखेडचे राखीव जंगल आपल्या हाताशी आहे. मात्र या छंदाची काही पथ्ये आहेत. ती पाळली नाहीत, तर कधी कधी कायमची हानी होते. एक डॉक्टर म्हणून आज त्यांविषयी लिहीत आहे.

पाखरे याच वेळी का दिसतात?

पहाटे उजेड अंधूक असतो आणि कीटक थंडीने निपचित पडलेले असतात. अन्न शोधण्यास ही वेळ सोयीची नसते, पण हवा शांत असल्याने आवाज लांबवर जातो. म्हणून बहुतेक पक्षी दिवसाची सुरुवात गाण्याने करतात. ऊन चढू लागले की आपला राज्यपक्षी हरियाल उंबर-पिंपळाच्या शेंड्यावर अंग शेकत बसतो, वेडा राघू तारेवरून माश्या टिपू लागतो. सायंकाळी हेच चक्र उलटे फिरते. हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणाऱ्या पळसमैनांचे थवे अंधार पडण्यापूर्वी रातथाऱ्याकडे परततात. फाल्गुनात याच मैना फुललेल्या पळसावर मध पिताना दिसतात.

शरीराला काय मिळते?

डोळ्यांच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे हे नसून मेंदूला दिवस उजाडल्याची वर्दी देणे हे आहे. त्यांच्यावर सकाळचा उजेड पडला की झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनचे स्रवण थांबते आणि शरीराचे घड्याळ जुळते. घरातल्या दिव्यापेक्षा उघड्यावरचा सकाळचा उजेड कितीतरी पटींनी प्रखर असतो; म्हणून खिडकीशी बसून चहा घेतल्याने तेवढा लाभ होत नाही. ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी गोळी मागण्यापूर्वी महिनाभर रोज सकाळी अर्धा तास बाहेरच्या उजेडात काढून पाहावा.

मनाचेही तसेच आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ साली सुमारे १,३०० लोकांच्या मोबाइलवरील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसल्यानंतर किंवा त्यांचा आवाज ऐकल्यानंतर लोकांना बरे वाटत असल्याचे आणि हा परिणाम काही तास टिकत असल्याचे त्यात आढळले. नैराश्याचा आजार असलेल्यांमध्येही हाच कल दिसला. पक्षिनिरीक्षण म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. पण औषधाच्या जोडीला ते निश्चितच चालते.

कानांची परीक्षा

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक एकदा सहज म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, यंदा शिंजीर बोलतच नाहीत.’’ सोबत आलेला नातू लगेच म्हणाला, ‘‘आजोबा, रोज तर ओरडतात ते!’’ निदान त्या दोन वाक्यांतच झाले होते. वयोमानानुसार ऐकू येणे कमी होते, तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. शिंजीर, चष्मेवाला यांसारख्या चिमुकल्या पाखरांचे स्वर असेच असतात. टिटवी, कावळा, मोर ऐकू येत राहतात, त्यामुळे आपले कान शाबूत आहेत असे वाटते. पुढे ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटू लागतात आणि ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार सुरू होते. मग माणूस चारचौघांत बसणे टाळतो, घरातही गप्प होतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाचे जे १२ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत बहिरेपणा आहे. म्हणून नातवंडांना सोबत न्या. त्यांना ऐकू येणारे पाखरू आपल्याला ऐकू येत नसेल, तर श्रवणचाचणी करून घ्या. कधी कानातला मळ काढण्याने काम भागते, कधी श्रवणयंत्र लागते; दोन्हीत लाजण्यासारखे काही नाही.

सूर्याकडे भिंग रोखू नका

छायाचित्रकारांना तांबड्या सूर्यबिंबासमोरून उडणारा बगळा हवा असतो. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. दुर्बीण किंवा लांब पल्ल्याचे भिंग सूर्याचा प्रकाश एकवटून थेट दृष्टिपटलावर टाकते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा होत असताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो आणि तो कायमचा राहू शकतो. बिंब कितीही सौम्य दिसो, दुर्बिणीतून किंवा आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतून त्याकडे पाहू नये. मुलांच्या हाती दुर्बीण देताना हा नियम आधी सांगावा. सूर्य पाठीशी ठेवावा. पिसांचे रंगही तेव्हाच खुलतात.

दुर्बीण विकत घेताना ‘८ × ४२’ या आकड्यांचा अर्थ समजून घ्या. वस्तू ८ पट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. भागाकार केला तर सुमारे ५ मिलिमीटर येतो. तेवढ्या रुंदीचा प्रकाश डोळ्यात शिरतो. उतारवयात अंधारातही बाहुली साधारण याहून फारशी मोठी होत नाही, म्हणून आजोबांसाठी याहून जड दुर्बीण घेण्यात अर्थ नाही. मावळतीच्या उन्हात समोरचे सारे पांढुरके, चमकदार दिसत असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करावी. संध्याकाळी मुलाला ठेच लागत असेल, चाचपडत चालावे लागत असेल, तर रातांधळेपणाची शंका घ्यावी.

पायाखाली पाहा

पावसाळ्यात व त्यानंतर उंच गवतात बसून छायाचित्रे काढणाऱ्यांनी स्क्रब टायफस लक्षात ठेवावा. सूक्ष्म गोचिडीसारख्या किड्याच्या अळीच्या चाव्याने हा ताप येतो. २०१८ साली नागपूरसह विदर्भात त्याने बळी घेतले. चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप आणि डोकेदुखी सुरू होते. काखेत, जांघेत किंवा कमरेशी काळी खपली दिसू शकते. अशा वेळी ‘मी गवतात बसलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळीच ओळखला, तर साध्या, स्वस्त प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे आणि घरी येताच अंघोळ हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

अंधार पडताना विजेरी आणि घोट्यावर येणारे बूट हवेतच. साप चावल्यास मांत्रिकात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. रानडुकरांसाठी शेताभोवती लावलेल्या तारेला हात लावू नये; तीत वीज असू शकते. कपाशी-सोयाबीनवर फवारणी चालू असेल, तर त्या धुऱ्यावरून जाऊ नये. मधुमेही व्यक्तींनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी आणि परतल्यावर तळपायांत सराटे किंवा बाभळीचे काटे रुतले आहेत का, हे पाहावे. बधिर पायांना काटा कळत नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी परतावे.

छायाचित्राहून पाखरू मोठे

घरट्याजवळ जाऊ नये, पिलांचे चित्र काढू नये, मोबाइलवर आवाज लावून नराला बोलावू नये. घाबरलेली मादी घरटे सोडून दूर राहिली, तर उन्हाने अंडी आणि पिले मरतात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सलीम अलींच्या. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि घरातील एक ज्येष्ठ, एक लहान अशी जोडी घेऊन एकदा तलावाकाठी जा. कॅमेरा नसला तरी चालेल. दिसलेल्या पाखरांची यादी नातवाने लिहावी आणि ऐकू आलेल्यांची आजोबांनी. परतल्यावर दोन्ही याद्या ताडून पाहा. त्यात काही कमी आढळले, तर पुढची भेट डॉक्टरांची घ्या.