तळीराम आणि गीता

एक जानेवारीच्या सकाळी बोरिवली लोकलमध्ये कुणाच्याही हातातलं मराठी वर्तमानपत्र पाहा, 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा बहुधा सापडतोच. आदल्या रात्री नाकाबंदीत सापडलेल्या चालकांची ती बातमी. वाचणाऱ्याला हसू येतं. 'एकच प्याला' हे नाटक न पाहिलेल्यालाही येतं.

हे हसू त्या नाटकाचे लेखक राम गणेश गडकऱ्यांचं. त्यांनी स्वतः मात्र ते ऐकलं नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी ते गेले आणि त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. सुधाकर झाले गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व.

सुधाकर वकील, सिंधू त्याची बायको. त्याची सनद काही काळ रद्द होते आणि अपमानाची आग विझवायला त्याचा कारकून तळीराम पहिला पेला पुढे करतो. या तळीरामाचं 'आर्य मदिरा मंडळ' ही मराठी विनोदातली एक अफाट कल्पना आहे. त्या काळी सभा, मंडळं, ठराव यांची धामधूम होती. गडकऱ्यांनी तोच थाट गुत्त्यात नेला. शास्त्रीबुवा आणि खुदाबक्ष तिथे एका बैठकीला बसतात. सुधारकांना व्याख्यानांनी जी एकी जमली नाही, ती तिथे बाटलीनं साधलेली दिसते.

दुसऱ्या नाटकांतला दारुडा झोकांड्या खातो, बोबडा बोलतो. तळीरामाची जीभ मात्र तल्लख आहे, प्रत्येक आक्षेपाला त्याच्याकडे तयार तोड आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला द्वारपालही असाच दारूच्या गुणांचा हिशेब मांडतो: ती वासना चाळवते आणि ताकद काढून घेते. पण तो एका प्रवेशापुरता येतो. तळीराम आपल्याला कितीतरी वेळ हसवत ठेवतो, आणि आपणही त्याच्या मंडळाचे सभासद झालो आहोत हे लक्षात येईपर्यंत सिंधूच्या अंगावर ठिगळांचं लुगडं आलेलं असतं. तळीराम आजारी पडतो तेव्हा वैद्य आणि डॉक्टर त्याच्या उशाशी भांडतात. तिथेही आपण हसतो, आणि तो मरतो.

पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला. त्यातल्या परवान्याची खूण उपनगरांतल्या 'परमिट रूम'च्या पाट्यांवर अजून आहे. २००४मध्ये विक्रोळीत विषारी दारूनं माणसं मेली. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक जीव घेतले. हातावर पोट असलेली माणसं होती ती. तेव्हापासून 'तळीराम' असा मथळा दिसला की मी पान उलटतो.

मालवणीनंतर मी नाटक पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी सिंधूपेक्षा गीतापाशी जास्त थांबलो. गीता ही तळीरामाची बायको. त्याचं नाव सामान्यनाम झालं, तिचं आज किती जणांना आठवतं? सिंधू निमूट सोसते, गीता मात्र तोंडावर बोलते, भांडते. वर्तमानपत्रांत मालवणीतल्या बायकांची छायाचित्रं पाहताना मला तीच दिसत होती: नवरा पितो म्हणून चारचौघांत मोठ्यानं ओरडणारी, आणि जिच्या ओरडण्याला प्रेक्षागृह शंभर वर्षं हसत आलं आहे.