ज्ञानेश्वर एक की दोन?

ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानेश्वर आणि गाथेतील अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, हा मराठी वाङ्मयेतिहासातला गाजलेला वाद. १८९८ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारक’ पत्रातून तो उभा केला. त्यांच्या मते ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव यांचे कर्ते गोदाकाठच्या आपेगावचे, शैव-नाथ वळणाचे. अभंगकर्ते आळंदीचे, विठ्ठलभक्त आणि मागाहून झालेले.

या मताचा आधार मुख्यतः ग्रंथांतला फरक हा होता. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवाशाला पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत पंढरीच्या विठ्ठलाचा महिमा कुठे गायलेला नाही, अभंग मात्र त्यानेच भरलेले आहेत. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची बरीच अलीकडची. ज्ञानेश्वरीत कवी स्वतःला निवृत्तीचा दास म्हणवतो, तर अनेक अभंगांत ‘बापरखुमादेवीवरु’ ही मुद्रा येते.

ल. रा. पांगारकर, शं. वा. दांडेकर यांसारख्या अभ्यासकांनी एकाच ज्ञानेश्वरांची बाजू घेतली. गीतेवरच्या टीकेला विषयाची चौकट असते, अभंगाला ती नसते. तेव्हा विठ्ठलाचा अनुल्लेख निर्णायक ठरत नाही. भाषेचा फरकही समजण्याजोगा आहे. ज्ञानेश्वरी पोथ्यांतून उतरत आली आणि शके १५०६ (१५८४) मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. अभंग मात्र कीर्तनात, दिंडीत, तोंडोतोंडी फिरले आणि प्रत्येक पिढीच्या बोलीचा रंग त्यांवर चढत गेला.

तरीही भारद्वाजांची शंका निराधार नव्हती. शेवटच्या चरणातली नाममुद्रा हीच अभंगाची सही, आणि तीच नाममुद्रा पुढचा कवीही वापरू शकतो. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत. ज्ञानेश्वरांच्या चरित्राचा मोठा आधार नामदेवांचे अभंग हाच असल्याने त्या पुराव्यालाही चाळणी लावावी लागते.

लोकस्मृतीला हा पेच पडलेला नाही. जुन्नर तालुक्यात पिंपरी पेंढारच्या जवळ असलेल्या आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा नेवाशाहून आळंदीला येताना इथे मरण पावला, अशी परंपरा आहे. भारद्वाजांनी गोदाकाठ आणि आळंदी अशी केलेली वाटणी या कथेत नाहीशी होते: पैठण, नेवासे, आळे आणि आळंदी एकाच माणसाच्या वाटेवर येतात. आख्यायिका कर्तृत्व सिद्ध करत नाही. वारकऱ्यांच्या मनात ज्ञानोबा एकच होते, एवढे ती दाखवते.

इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या नाटकांवरून असाच वाद झाला. १८५७ मध्ये डेलिया बेकन यांनी, १९२० मध्ये जे. टी. लूनी यांनी ती इतरांच्या नावावर मांडली. तिथल्या शंकेचे मूळ सामान्य घरातल्या नटाच्या योग्यतेबद्दलच्या अविश्वासात होते. इथली शंका ग्रंथांच्या भाषेतून आणि दैवतांतून निघाली.

आज ज्ञानेश्वरी, अमृतानुभव आणि चांगदेवपासष्टी एकाच ज्ञानेश्वरांच्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गाथेत मात्र नंतरची भर पडली आहे, हेही मान्य होते. त्यामुळे वाद आता व्यक्ती किती याचा उरलेला नाही. कोणता अभंग कोणाचा, हे एकेका रचनेपुरते तपासावे लागते.