चूक ठशाची की घाव हातोडीचा

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची नाणी आमच्या जुन्नरच्या घरात वर्षभर एका पितळी डब्यात असतात. राणीछाप रुपया, दोन शिवराया आणि एक भोकाचा पैसा. गेल्या दिवाळीत मंचरहून आलेल्या भाच्याने तो पैसा उचलला आणि म्हणाला, "मामा, ह्याचं भोक मधोमध नाही. टांकसाळीची चूक आहे. लाखात जाईल."

भिंग काढलं. हा ब्राँझचा पैसा 1943 ते 1947 या काळातला, युद्धाच्या दिवसांत धातू वाचवण्यासाठी भोक ठेवून काढलेला. भोक खरंच एका अंगाला सरकल्यासारखं दिसत होतं. पण त्या अंगाची कड पातळ आणि गुळगुळीत होती, समोरची कड मात्र जाड आणि धारदार. पैसा कुणाच्या तरी करगोट्यात ओवलेला असणार. वर्षानुवर्षं दोरा एकाच जागी घासला आणि भोक तिकडे वाढत गेलं. चूक टांकसाळीची नव्हती.

नाणं हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: ही खूण ठसा उठण्याआधीची किंवा ठसा उठतानाची, की नाणं बाहेर पडल्यानंतरची? बाकी सगळी परीक्षा या प्रश्नामागून येते.

आमच्या भागात तर आधी हेही ठरवावं लागतं की चूक म्हणावी असा नियम त्या काळी होता का. शिवराई घ्या. 1674 च्या राज्याभिषेकापासून पाडली गेलेली ही तांब्याची नाणी हातोडीने ठोकलेली. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' यातला 'श्री' बाहेर राहतो, नाहीतर 'छत्रपती'मधलं 'ती' कापलं जातं. अक्षरांची वळणंही नाण्यागणिक बदलतात. अशी शिवराई 'एरर' म्हणून चढ्या भावाने विकणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड. अंकुशी रुपयांवर दिसणाऱ्या बारीक टोच्यांचंही तसंच. चांदी खरी आहे का हे पाहताना सराफांनी त्या उठवल्या. त्या ना चूक आहेत ना नासधूस, तो त्या रुपयाचा व्यवहार आहे.

मागे गेलं की गोष्ट आणखी रंगते. जुन्नरच्या मानमोडी लेण्यात महाक्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा 46 व्या वर्षाचा लेख आहे. म्हणजे सातवाहनांचा हा मुलूख तेव्हा नहपानाच्या ताब्यात होता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी तेरा हजारांहून अधिक, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. तीन कमानींची टेकडी आणि उज्जैन चिन्ह. ठसा नीट बसला नाही तिथे नहपानाचं नाक, कपाळ, ग्रीक अक्षरांचा तुकडा अजून खालून वर दिसतो. नवख्याला हे नाणं दोनदा चुकून ठोकलेलं वाटेल. वास्तविक ती राजाची आज्ञा आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटाची वाट चढून आलो आणि तिथला जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहिला की मला दर वेळी ही दोन चेहऱ्यांची चांदी आठवते.

खऱ्या अर्थाने चूक सुरू होते ती यंत्राच्या टांकसाळीत, कारण तिथे प्रत्येक नाणं सारखं निघायला हवं असतं. पत्र्यातून चकत्या कापताना यंत्र आधीच्या भोकावर थोडं चढलं तर चकतीला चंद्रकोरीसारखा घास पडतो. अशा घासाच्या बरोबर समोरची कड बहुधा बुजलेली असते, कारण काठ उचलणाऱ्या यंत्रात तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत उभी असते आणि कापाजवळची अक्षरं सुरीने तोडल्यासारखी थांबतात.

सगळ्यात जास्त फसवणूक उलट्या छापाच्या नाण्यांत होते. टांकसाळीत एखादं नाणं ठशालाच चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याचं आरशातलं, खोल गेलेलं चित्र उमटतं. ते त्या बाजूवर पसरतं, आणि तिथला मूळ छाप उमटलेलाच नसतो. घरी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन नाणी दाबून हीच नक्कल करतात. पण तिच्यात खोल छापाखाली मूळ चित्र शिल्लक राहतं आणि पाठीमागची बाजू त्याच जागी चेपते. घोडेगावच्या एका दुकानदाराने मला दाखवलेल्या रुपयावर तिरक्या प्रकाशात उलटा आकडा दिसत होता आणि त्याच्या पोटातून सुलटा आकडाही. मागच्या सिंहांची तोंडं मात्र सपाट झाली होती. त्याने तो बाराशेला घेतला होता. सांगताना मलाच वाईट वाटलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ठशाच्या खाचेत ग्रीस भरलं तर वर्षाचा आकडा उठत नाही. तिथला पृष्ठभाग शांत असतो, आकडा खरवडला असेल तर ओरखडे दिसतात. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंचवट्याची रेघ येते. खोल रेघ म्हणजे ओरखडाच. वजन काट्यावर पाहावं: स्टीलचा जुना रुपया 4.85 ग्रॅम, तांबे-निकेलचा पाचाचा 9 ग्रॅम. आम्लात बुडवून बारीक केलेलं नाणं इथेच पकडलं जातं. रुळावर चपटी केलेली नाणीही येतात. आपल्या जुन्नर-मंचर भागातून रेल्वे गेलेली नाही, ती पुण्या-मुंबईहून खिशात घालून आणलेली असतात.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. चिंच आणि राख लावून जुनं नाणं घासू नका. चकाकी येते, पण ज्या पृष्ठभागावरून आपण खरं-खोटं ओळखतो तोच निघून जातो. आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. 2021 मध्ये बँकेनेच असा इशारा दिला होता. शेतात साठा सापडला तर ती वेगळीच बाब आहे. 1878 च्या कायद्याप्रमाणे 10 रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कोणतं नाणं कुठल्या थरात, कशासोबत होतं, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते, आणि एका रात्रीत वाटून घेतलेल्या साठ्यातून ती कायमची जाते.

भाचा हिरमुसला होता. मग त्यानेच पैसा सोनाराकडे नेऊन तोलून आणला, कागदाच्या पुडीवर वजन लिहिलं आणि खाली 'भोक दोऱ्याने झिजलेलं' असं नोंदवलं. यंदाही तो पैसा पाटावर असेल, राणीछाप रुपयाच्या डाव्या हाताला. हळदी-कुंकू आम्ही तांदळाला लावतो, नाण्याला नाही.