डोळ्याला ओलावा कळतो तो गारव्यावरून

लेझरनं चष्म्याचा नंबर घालवून आलेला माणूस डॉक्टरांच्या तक्त्यावरची बारीक ओळ धडाधड वाचतो आणि पाठोपाठ सांगतो, "डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतंय." डॉक्टर म्हणतात, डोळा कोरडा पडलाय. घरच्यांना ते पटत नाही. नजर लख्ख आहे, डोळा लाल नाही, उलट पाणी वाहतंय. मग कोरडा कसला? शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात हा त्रास जास्तच छळतो. हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. फाल्गुन-चैत्रात हवेत ओल नसते, वाऱ्याबरोबर फुफाटा उडतो आणि रांजणगावच्या एमआयडीसीत ड्युटीला दुचाकीवरून जायचं, तर तो वारा थेट डोळ्यांवर येतो. पण हवा हे निमित्त. खरी गोष्ट डोळ्याच्या आत घडलेली असते, आणि ती इतकी विलक्षण आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बुबुळासमोर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आरपार दिसलंच नसतं. म्हणून कॉर्निया आपला ऑक्सिजन मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. रक्त नाही, पण मज्जातंतू मात्र खच्चून भरलेले. त्यांची दाटी कातडीतल्या दाटीच्या शेकडो पट. गव्हाचं एवढंसं कुसळ डोळ्यात गेलं की माणूस जागच्या जागी थांबतो, तो यामुळेच.

या पडद्यावर अश्रूंचा थर असतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा पातळ. त्यात नुसतं पाणी नसतं. डोळ्याला चिकटून राहायला खाली बुळबुळीत द्रव्य, मध्ये अश्रुग्रंथीचं पाणी, आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाची साय. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. त्या ग्रंथींना ज्यांचं नाव मिळालं, त्या हाइन्रिख माइबोम या जर्मन वैद्यानं त्यांचं वर्णन लिहिलं १६६६ साली, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी.

आता खरं नवल. डोळा कोरडा पडतोय हे डोळ्याला कळतं कसं? गारव्यावरून! पापणी उघडी असताना अश्रूंचा थर वाफ होऊन उडू लागतो आणि पडद्याचा पृष्ठभाग किंचित थंड होतो. कॉर्नियात थंडी ओळखणारे तंतू आहेत, ते हा अंशाच्याही अंशाचा फरक टिपतात. त्यांच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. पुदिन्याचा थंडावा आपल्याला जाणवतो तोही याच प्रथिनामुळे. हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे डोळे मुळातच कमी ओले राहतात, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आपण रडत नसतानाही दिवसभर डोळा ओला राहतो, तो या न जाणवणाऱ्या थंडीच्या निरोपावर.

लेझरच्या शस्त्रक्रियेत नेमका हा निरोप तुटतो. लॅसिक या पद्धतीत कॉर्नियाच्या वरच्या भागाची साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड चकती कापून, एका कडेला बिजागरी ठेवून, ती उलटतात. मग खालच्या थराला एक्सायमर नावाच्या लेझरनं हवा तो आकार देतात. हा लेझर उती न जाळता अलगद खरवडतो, हे १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत दिसलं. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर तो प्रयोग करणारे होते मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन. लेझरची सफाई अद्भुतच, पण चकती कापताना पुढच्या थरातले मज्जातंतूही कापले जातात. ठिबकच्या संचात जमिनीची ओल मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटावी, तसं होतं: टाकीत पाणी आहे, नळ्या शाबूत आहेत, पण रान सुकल्याची खबरच पोहोचत नाही.

मग अश्रू कमी झिरपतात, पापणी कमी लवते, थर जागोजागी फाटतो. अधूनमधून डोळा एकदम भळाभळा वाहतो, पण ते नुसतं पाणी. थर पुन्हा नीट बसवण्याइतकं तेल त्यात नसतं. म्हणून कोरडा डोळाच वाहतो.

कापलेले तंतू पुन्हा वाढतात. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात ओसरतो, तंतूंची जुनी दाटी भरायला मात्र कित्येक वर्षं लागू शकतात. स्माइल या पद्धतीत चकती न कापता छोटी चीर देतात, त्यामुळे तंतू कमी तुटतात. थोड्या लोकांच्या बाबतीत मात्र वाढलेले तंतू बिघडतात. डोळा तपासणीत ठीक दिसतो आणि तरी आग होत राहते. अशा माणसाला "नाटकं करतो" म्हणणं हा अन्याय आहे. वेदना मज्जातंतूची आहे, ती तक्त्यावर दिसणार नाही.

रोजच्या जगण्यात साध्या गोष्टींनी बराच फरक पडतो. मोबाइल बघताना पापणी निम्म्याहून कमी वेळा लवते, तेव्हा मुद्दाम डोळे पूर्ण मिटायचे. दुचाकीवर बाजूनं बंद असलेला चष्मा लावायचा. पापण्यांवर कोमट कापड ठेवलं की गोठलेलं तेल सुटतं. ड्रॉप वारंवार लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागावेत, कारण ते रसायनच पृष्ठभागाला इजा करतं. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचे ड्रॉप मात्र आणू नका. फार दिवस वापरले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

आणि घरातलं कुणी नंबर घालवायला निघालं असेल, तर तारीख घेण्याआधी एक तपासणी मागून घ्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून ती किती भिजते ते पाहतात. पट्टी पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर आधी कोरडेपणावर उपचार करून घ्या, लेझरचं नंतर बघा.