नैतिकतेचे अधिष्ठान : विवेक आणि भावना

नैतिकतेचे अधिष्ठान हा नीतिशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. योग्य काय आणि अयोग्य काय, हे माणूस बुद्धीने ठरवतो, की करुणा, लज्जा, संताप यांसारख्या भावना त्याला तेथे नेतात, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. एकाधिकारशाहीच्या काळात या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व येते. कारण अन्याय ओळखणे आणि त्याविरुद्ध उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात या दोन्ही बाजूंची समृद्ध परंपरा असून १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात तिची कसोटी लागली.

तात्त्विक पार्श्वभूमी

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम (१७११–१७७६) यांच्या मते केवळ बुद्धी माणसाला कृतीस प्रवृत्त करू शकत नाही. नैतिक निर्णयाचे मूळ भावनेत असते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) यांनी याच्या उलट भूमिका घेतली. भावना व्यक्तीगणिक आणि प्रसंगागणिक बदलतात, म्हणून सर्वांना सारखा लागू होणारा नियम बुद्धीच देऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बौद्ध विचारात प्रज्ञा आणि करुणा यांची सांगड घातलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात या दोहोंच्या संयोगावर विशेष भर दिला.

महाराष्ट्रातील विचारपरंपरा

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे बुद्धिप्रामाण्यवादाचे प्रमुख पुरस्कर्ते होत. 'केसरी'चे संपादकपद सोडल्यावर त्यांनी १८८८ मध्ये पुण्यात 'सुधारक' पत्र सुरू केले. एखादी रूढी जुनी आहे एवढ्याने ती मान्य ठरत नाही, तिने बुद्धीच्या कसोटीस उतरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली. मात्र बालविवाह, विधवांचे केशवपन यांवरील त्यांच्या लेखनात तर्काइतकाच पीडितांविषयीचा कळवळाही आढळतो.

साने गुरुजी (१८९९–१९५०) यांची नीतिदृष्टी प्रेम आणि सहानुभूतीवर उभी होती. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. तत्पूर्वी महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकांना हा प्रश्न समजावून सांगितला होता. त्यांच्याही कार्यात भावनेला विचाराची जोड होती.

आणीबाणीतील कसोटी

२५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले आणि 'मिसा' कायद्याखाली विरोधकांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले समाजवादी नेते ग. प्र. प्रधान येरवडा कारागृहात होते. साने गुरुजींनी स्थापन केलेल्या 'साधना' साप्ताहिकाने यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली आणीबाणीविरोधी भूमिका घेतली.

त्याच वर्षी कराड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ५१ वे अधिवेशन भरले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. अध्यक्षा दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांनी त्यांच्या उपस्थितीतच लेखनस्वातंत्र्याचा जाहीर पुरस्कार केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेचे आवाहन केले. लेखनस्वातंत्र्य हे तत्त्व होते आणि आजारी व्यक्तीविषयीची आस्था ही भावना. एकाच व्यासपीठावर दोन्ही व्यक्त झाली. पुढे १९७६ मध्ये भागवतांना अटक झाली.

उलट बाजूही याच काळात दिसली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीला जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते, न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले. कायद्याचा काटेकोर युक्तिवादही सत्तेच्या बाजूने जाऊन ठेपू शकतो, हे या निकालाने दाखवून दिले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला. त्या वेळचे प्रमुख निकालपत्र न्या. चंद्रचूड यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले होते.

विभूतिपूजेचा धोका

भावनाही सत्तेच्या सेवेत जाऊ शकते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. आंबेडकरांनी याविषयी सावध केले होते. धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. या संदर्भात त्यांनी ज्या जॉन स्टुअर्ट मिलचा हवाला दिला, त्याच्याच विचारांचा प्रभाव आगरकरांवरही होता.

मूल्यमापन

या उदाहरणांवरून विवेक आणि भावना यांपैकी एकच नैतिकतेचा पुरेसा आधार ठरतो असे दिसत नाही. करुणेवाचून बुद्धी अन्यायाचे समर्थनही तर्कशुद्ध करून देते. विवेकावाचून भावना व्यक्तिपूजेत विरघळते. एकाधिकारशाहीचा प्रतिकार करणाऱ्यांना या दोहोंचीही गरज पडली. आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी संपुष्टात आली. मात्र या प्रश्नाची चर्चा नीतिशास्त्रात आणि सार्वजनिक जीवनात आजही चालू आहे.