नवी नळी, जुन्या पुंगळ्या

रायफलचे काडतूस चार वस्तूंचे बनते: गोळी, दारू, प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. गोळी लक्ष्यात जाते, दारू जळते, प्रायमर एकदा फुटला की संपतो. मागे राहते ती पुंगळी, आणि चौघांत सहसा सर्वांत महाग तीच असते. अमेरिका, कॅनडा, फिनलंड, स्वीडन अशा देशांतील नेमबाज ती फेकत नाहीत. तिला डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात, नवा प्रायमर बसवतात, दारू तोलून भरतात आणि वर गोळी बसवतात. चांगल्या कारखान्याची, जपून वापरलेली पुंगळी असे आठ-दहा फेरे सहज काढते.

मात्र पुंगळीच्या आधी कधी कधी नळीच संपते. '६.५ क्रीडमूर'सारख्या काडतुसाची नळी दोन-तीन हजार बारांनंतर अचूकता गमावू लागते, कारण काडतूस जिथे बसते त्या चेंबरच्या पुढचा घसा तप्त वायूंनी झिजतो. मग रायफलला नवी नळी बसते आणि जुन्या नळीतून उडवलेल्या शेकडो पुंगळ्या डब्यात शिल्लक राहतात. त्या नव्या नळीत चालतात का? बहुतेक चालतात. पण पुंगळी जुन्या चेंबरचे माप अंगात घेऊन आलेली असते. ते आधी मोजावे लागते आणि मग मोडावे लागते.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटले की तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे ही कोल्हापूरची नावे आठवतात. त्यांच्या ५० मीटर प्रकारात हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथले पॉइंट टू-टू काडतूस 'रिमफायर' असते. स्फोटक पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि फायरिंग पिनच्या आघाताने ती कड चेपते, त्यामुळे पुंगळी एकदाच कामाची. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. इथला विषय आहे तो मध्यभागी प्रायमर असलेल्या मोठ्या काडतुसांचा, आणि ज्या देशांत ती घरी भरणे कायदेशीर आहे तिथला.

अशा काडतुसांतही प्रायमरच्या दोन पद्धती आहेत. ब्रिटनच्या वूलिच शस्त्रागारातील एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेचे हायरम बर्डन यांनी त्या १८६०च्या दशकात साधारण एकाच वेळी काढल्या. पुढे घडले उलटेच: बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. बॉक्सर पुंगळीच्या बुडात मधोमध एकच छिद्र असते, त्यातून सुई घालून जुना प्रायमर बाहेर ढकलता येतो. बर्डन पुंगळीत मध्यभागी ऐरण आणि तिच्या बाजूला छिद्रे असतात, तिथे साधी सुई चालत नाही. अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याचा छंद इतका पसरला, त्यात या एका छिद्राचा वाटा मोठा आहे.

पुंगळीचे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त. हे मिश्रण लवचीक आहे, पुष्कळ ताणले तरी फाटत नाही. '.३०८ विंचेस्टर' काडतुसासाठी अमेरिकी मानक संस्थेने, म्हणजे 'सामी'ने, कमाल दाब ठरवला आहे चौरस इंचाला ६२,००० पौंड. बार होताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून तर बाहेर काढता येते. पण पूर्वीच्या मापावर ती परतत नाही. तिचा खांदा, अंग आणि मान या सगळ्यांवर त्या चेंबरचा ठसा उरतो.

हा ठसा किती वेगळा असू शकतो ते आकड्यांतच पाहावे. .३०८मध्ये चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरील ठरावीक बिंदूपर्यंतचे अंतर, म्हणजे हेडस्पेस, महत्त्वाचे. खांद्याच्या उतारावर जिथे व्यास ०.४०० इंच भरतो तो हा बिंदू. सामीच्या मानकानुसार चेंबरमध्ये हे अंतर १.६३० ते १.६४० इंच चालते. म्हणजे दोन्ही नळ्या निर्दोष, दोन्ही नियमात, तरी त्यांच्या चेंबरमध्ये दहा हजारांश इंचांचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक असू शकतो. कापडाच्या दुकानात पाव मिलिमीटर कुणी मोजत नाही; इथे तेवढ्यावर पुंगळीचे आयुष्य ठरते. त्यात चेंबर कापणारा रीमर दर धार लावल्यावर थोडा बारीक होतो, त्यामुळे अंगाचा व्यासही नळीगणिक बदलतो. रेमिंग्टन ७००सारख्या रायफलीत कारागीर लेथवर नळीचा खांदा कापून हेडस्पेस साधतो. सॅव्हेजच्या रायफलीत नळीवर चाकी असते, गो-गेज हे किमान हेडस्पेसचे मापक चेंबरमध्ये ठेवून ती आवळली की माप बसते. चाकीच्या पद्धतीत मालक घरीच नळी बदलू शकतो, आणि त्यामुळे माप तपासण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

नवे चेंबर जुन्यापेक्षा आखूड किंवा अरुंद निघाले तर दोष लगेच कळतो: बोल्ट बंद होत नाही, किंवा जोर लावावा लागतो. अनेकांचा समज असा की खांदा मागे ढकलला की काम झाले. पण अडचण पुष्कळदा बुडाजवळ असते. बुडापासून सुमारे ०.२०० इंचावर पितळ जाड असते. जुन्या सैल चेंबरने तिथे फुगवलेली पुंगळी साधी डाय पुरेशी दाबू शकत नाही, कारण डायचे तोंड आणि पुंगळी धरणारी पकड यांमुळे तो भाग अर्धवटच आत जातो. त्यासाठी 'स्मॉल बेस' डाय मिळते, ती बुडाला एक-दोन हजारांश इंच अधिक आवळते. तरीही पुंगळी अडत असेल तर ती भंगारात टाकावी.

नवे चेंबर लांब निघाले तर धोका मुका असतो. पुंगळी सहज आत जाते, बोल्ट मऊ फिरतो, काही खटकत नाही. बार होताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटतो, बूड मागे बोल्टवर आदळते आणि ताण बुडाच्या जरा वर एका कड्यात एकवटतो. एकदा असे होणे घातक नाही. कारखान्यातली कोरी पुंगळीही पहिल्या बाराला काही हजारांश इंच ताणली जातेच. घात होतो तो पुनरावृत्तीने. मालक जुन्या सेटिंगवरच डाय चालवत राहिला तर दर फेरीत खांदा मागे जातो, दर बाराला पुढे येतो आणि ते कडे पातळ होत जाते. शेवटी पुंगळी तिथेच तुटते. बूड बाहेर येते, धड चेंबरमध्ये अडकते आणि वायू मागे सुटू शकतात. बाहेरून त्या जागी चकचकीत रेघ दिसते, पण तिच्यावर विसंबू नये. बारीक तारेचे टोक काटकोनात वाकवून पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढावे. टोक खाचेत अडखळले तर ती पुंगळी बाद. जुना साठा नव्या नळीत नेताना ही तपासणी प्रत्येक पुंगळीची झालीच पाहिजे.

डायची जुळवणी मुळापासून करावी लागते. आधी नव्या नळीतून काही बार काढून त्या पुंगळ्यांचे खांद्यापर्यंतचे माप घेतात. त्यासाठी व्हर्निअरच्या जबड्याला लावायची कॉलर मिळते. तिचा आकडा मानकाशी तंतोतंत जुळतोच असे नाही, पण एकाच साधनाने घेतलेल्या दोन मापांतला फरक विश्वासार्ह असतो. मग डाय थोडी वर ठेवून पुंगळी दाबतात आणि पुन्हा मोजतात. इथे नवशिक्याला कोडे पडते: दाबूनही माप वाढलेले दिसते. कारण डाय आधी अंग आवळते आणि आवळलेले पितळ खांद्याला पुढे सरकवते. खांदा डायच्या खांद्याला टेकेपर्यंत हे चालते. त्यानंतर डाय किंचित किंचित खाली फिरवली की माप उतरू लागते. नव्या चेंबरच्या मापाहून एक-दोन हजारांश इंच कमी, एवढे झाले की थांबावे. याहून चांगली कसोटी बोल्टच देतो. त्यातील फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवले की स्प्रिंगचा अडथळा राहत नाही. रिकाम्या चेंबरवर बोल्टची मूठ स्वतःच्या वजनाने पडते. पुंगळी घातल्यावरही ती जवळजवळ तशीच पडली, तर जुळवणी बरोबर.

मानेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. स्पर्धेसाठी कापलेल्या चेंबरची मान अरुंद असते. गोळी बसवल्यावर पुंगळीच्या मानेचा बाहेरचा व्यास तिथे मावला नाही, तर गोळी सुटायला जागाच राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. पुंगळीची लांबीही मोजावी; .३०८ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे, पुंगळी त्याहून लांब भरली तर मानेचे टोक छाटावे लागते.

पितळ फुगते-आवळते तसे कडक होत जाते. कडक पुंगळी डायमधून बाहेर आल्यावर जास्त उसळते, त्यामुळे दोनदा आणि आठदा उडवलेल्या पुंगळ्या एकाच डायमधून वेगवेगळ्या मापांच्या निघतात. म्हणून नव्या नळीसाठी सगळा गट एकदाच तापवून मऊ करणे उत्तम. ज्वालेवर वा इंडक्शन यंत्रात काही सेकंद, आणि फक्त मान व खांदा. बूड मऊ पडले तर ते दाब सोसत नाही, म्हणून अख्खी पुंगळी भट्टीत घालणे ही घोडचूक आहे.

पितळातल्या ताणाचा धडा भारताच्या भूमीवरच मिळालेला आहे. ब्रिटिश फौजेची तबेल्यांत ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळीत अडकलेला ताण यांचा तो परिणाम होता. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याची उकल केली. मंद तापवून ताण काढणे हा त्यावरचा उपाय ठरला. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चकाकवू नयेत, ते याच कारणाने.

नळी बदलली की दारूचे जुने प्रमाणही रद्द समजावे. नवा घसा आखूड असू शकतो, तीच गोळी तिथे नळीतल्या आट्यांना टेकू शकते आणि दाब चढतो. छापील पुस्तिकेतील किमान प्रमाणापासून पुन्हा सुरुवात करणे हाच मार्ग. आणि पुंगळ्या किती वेळा उडवल्या याची नोंद नसेल, प्रायमरचे खण सैल झाले असतील, किंवा वेगवेगळ्या रायफलींचा माल एकत्र मिसळला असेल, तर तो साठा भंगारात घालून नव्या नळीला कोऱ्या पुंगळ्याच घ्याव्यात.